'स्पंदनशील पालकत्व' की हाकेला ओ देणारा सांभाळ?

प्रश्न (खानापूर तालुका)

आमच्याकडील अंगणवाड्यांना मिळणारे माहितीसाहित्य बहुतांशी कन्नडमध्ये असते आणि मराठी वस्तीतल्या मातांना ते मराठीतून समजावून सांगावे लागते. लहान बाळांच्या मेंदूच्या वाढीविषयीच्या मजकुरात 'स्पंदनशील' हे विशेषण वारंवार येते. एका फलकावर ते 'स्पंदनशील पालकत्व' असे जसेच्या तसे उतरलेले पाहून एका आजींनी, 'म्हणजे बाळाच्या छातीचे ठोके बघायचे काय?' असे विचारले. येथे नेमका मराठी शब्द कोणता वापरावा?

उत्तर (बेळगाव)

आजींची शंका अगदी रास्त आहे. कन्नडमध्ये 'स्पंदिसु' या क्रियापदाचा आजचा रूढ अर्थ 'प्रतिसाद देणे' असा आहे. मराठीत मात्र 'स्पंदन' म्हणजे कंप किंवा ठोका, आणि हृदयाच्या संदर्भाबाहेर तो शब्द आपण फारसा वापरत नाही. दोन्ही भाषांनी संस्कृतातून घेतलेले असे शब्द सीमाभागात रोज भेटतात आणि अक्षरे ओळखीची असल्यामुळेच ते फसवतात.

लेखी मराठीसाठी 'प्रतिसादशील' हा शब्द मला योग्य वाटतो. 'प्रतिक्रिया' चालणार नाही, कारण रडणाऱ्या बाळाला वैतागून दिलेला धपाटा हीसुद्धा प्रतिक्रियाच असते. प्रतिसादात 'साद' अध्याहृत आहे: आधी बाळाने काहीतरी मागितले, ते कुणीतरी पाहिले, त्याचा अर्थ लावला आणि मग त्याला साजेसे उत्तर दिले. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी 2018 साली बालसंगोपनाचा जो आराखडा मांडला, त्यात आरोग्य, पोषण, सुरक्षितता आणि शिकण्याच्या संधी यांच्या बरोबरीने हा पाचवा घटक धरलेला आहे, आणि तेथेही त्याचा अर्थ हाच आहे.

मेंदूच्या दृष्टीने हा क्रम फार महत्त्वाचा आहे. पहिल्या काही वर्षांत चेतापेशींमधील नव्या जोडण्या दर सेकंदाला 10 लाखांहून अधिक वेगाने तयार होतात, असे हार्वर्ड विद्यापीठाचे बालविकास केंद्र सांगते. त्यांतील ज्या वारंवार वापरल्या जातात त्या पक्क्या होतात आणि ज्या पडून राहतात त्यांची पुढे छाटणी होते. चार महिन्यांचे बाळ वाकळीवर पडल्या पडल्या चकाकणाऱ्या वाटीकडे टक लावून पाहते. आजी त्याच्या नजरेचा माग काढून 'वाटी पाहिजे काय रे तुला?' म्हणते, वाटी जवळ आणते आणि थांबते. बाळ पाय झाडते, 'अं' करते. आजीही 'अं' म्हणते आणि पुन्हा थांबते. या अर्ध्या मिनिटात पाहणे, ऐकणे, ओळखीचा चेहरा आणि 'मी काही केले की कुणीतरी उत्तर देते' ही अपेक्षा यांच्या वाटा बाळाच्या मेंदूत एकत्र जाग्या होतात. आजीचे ते थांबणे मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्या रिकाम्या क्षणातच बाळाची पाळी येते.

हार्वर्डचे केंद्र या देवाणघेवाणीला टेनिसवरून 'सर्व्ह अँड रिटर्न' म्हणते. काही ठिकाणी त्यासाठी 'टोलवाटोलवी' असे सुचवले जाते, पण मराठीत टोलवाटोलवी म्हणजे जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणे. तो शब्द कृपया टाळावा. 'साद-प्रतिसाद' ही आपली जोडी आयती आहे. बोलताना मात्र मी 'हाकेला ओ देणे' असेच म्हणेन.

प्रतिसाद (निपाणी)

'कलाने घेणे' हा वाक्प्रचार सुचवावासा वाटतो. बाळ वाटीकडे पाहत असताना त्याच्यासमोर खुळखुळा वाजवत राहणे म्हणजे त्याच्या कलाने न घेणे, हे मातांना लगेच उमगते. अडचण एवढीच की हट्टी माणसाला चुचकारण्यासाठीही आपण हेच म्हणतो, आणि मग 'अशाने मूल शेफारेल' असा आक्षेप येतो. प्रत्येक हाकेला तत्काळ ओ दिलीच पाहिजे, असेही काही मातांना वाटू लागते आणि घरकामात अडकलेल्या बाईला ते ओझे होते.

उत्तर (बेळगाव)

दोन्ही शंकांचे निरसन मातांच्या बैठकीत झालेच पाहिजे. काही महिन्यांच्या बाळाचे रडणे हा हट्ट नसतो, ती त्याची भाषा असते. 'शेफारणे' हे क्रियापद त्या वयाला लागू होत नाही. उशिराच्या बाबतीत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचे काम दिलासा देणारे आहे. आई आणि बाळ यांचे सूर चांगल्या नात्यातही बराच वेळ जुळलेले नसतात, ते चुकतात आणि पुन्हा जुळतात, आणि ही पुन्हा जुळवणीच बाळाला बळ देते, असे त्यांनी दाखवले. ओ उशिरा दिली तरी ती ओच असते. ती कधीच न मिळणे, ही काळजीची गोष्ट आहे.

प्रतिसाद (येळ्ळूर)

'पालकत्व' या शब्दावर माझा आक्षेप आहे. लावणीच्या दिवसांत आई शेतात असते आणि बाळ आजीकडे किंवा आत्याकडे असते. 'पालक' म्हटले की त्या दोघींना ते आपल्यासाठी वाटतच नाही. 'सांभाळ' हा शब्द सर्वांना सामावून घेतो. शिवाय घरात आई कन्नड आणि आजी मराठी बोलत असेल, तर साद-प्रतिसाद कोणत्या भाषेत करावा, असेही विचारले जाते.

उत्तर (बेळगाव)

'सांभाळ' मला पूर्णपणे मान्य आहे. 'प्रतिसादशील सांभाळ' हे लेखी रूप ठेवावे.

घरातल्या माणसांना हे शिकवता येते, याचा पुरावा आपल्या गावातच आहे. येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने पाकिस्तान आणि झांबियातील केंद्रांसोबत एका चाचणीत भाग घेतला होता, जिचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. तीत प्रशिक्षित व्यक्ती दर पंधरवड्याला घरी जाऊन बाळाशी खेळण्या-बोलण्याच्या कृती आईला दाखवीत. तीन वर्षांच्या वयात त्या गटातील मुलांचे बौद्धिक आणि हालचालींचे गुणांक इतरांपेक्षा अधिक आढळले.

भाषेविषयी सांगायचे तर, जिला जी सहज येते तीत तिने बोलावे. अमेरिकेत संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या बाळांनी प्रत्यक्ष माणसाकडून मँडरिन भाषेतील ध्वनिभेद उचलले, पण तीच भाषा पडद्यावरून ऐकलेल्या बाळांनी उचलले नाहीत. म्हणून मोबाईल माणसाची जागा घेऊ शकत नाही, हेही फलकावर यावे.

प्रश्नकर्ती (खानापूर तालुका)

सर्वांचे आभार. फलकाचे शीर्षक 'प्रतिसादशील सांभाळ' असे करून त्याखाली मोठ्या अक्षरांत 'बाळाच्या हाकेला ओ द्या, आणि त्याच्या उत्तरासाठी थांबा' असे लिहून घेते. कन्नड फलकावरील 'स्पंदनशील' तसाच राहील, कारण तेथे तो बरोबर आहे.