ठाण्यात आई-बाबांना चालायला कुठे पाठवू?

प्रेषक: अनघा, लेस्टर (इंग्लंड)

मंडळींनो नमस्कार,

आई-बाबा उन्हाळाभर इथे होते, नुकतेच ठाण्याला परतले. इथे दोघं रोज चालायचे. कधी ब्रॅडगेट पार्कात हरणं बघत, कधी गावाबाहेरच्या पायवाटांनी, कुणाच्यातरी शेतातून, मेंढ्यांच्या मधून. बाबा आधी फार अवघडायचे, मालक ओरडेल म्हणून. त्या वाटेवरून चालायचा हक्क कायद्यानेच सगळ्यांना आहे हे एकदा पटलं आणि मग ते मालकापेक्षा रुबाबात चालायला लागले!

आता पाचपाखाडीच्या फ्लॅटमध्ये दोघं टीव्हीसमोर. कचराळी तलावाला फेऱ्या मारा म्हटलं तर आई म्हणते, "घाण्याच्या बैलासारखं गोल गोल काय फिरायचं?" दोघांची पंचाहत्तरी उलटली आहे. आईचा उजवा गुडघा कुरकुरतो, बाबांना मधुमेह. बागेतल्या फेऱ्या नकोत, ट्रेकही नको. झाडं, माती, पक्षी, एखादा पाडा असं काही जवळपास उरलंय का? तिकडे परतलेले बरेच जण अजून आपल्या या ई-मेल यादीवर आहेत, म्हणून विचारते.

अनघा

प्रेषक: नाना, ठाणे

अनघा,

आईचं बरोबर आहे. कचराळीला लोक चालतात ते डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून.

आधी एक सांगतो. तिकडच्यासारखा पायवाटेचा हक्क इथे नाही. डोंगर वनखात्याचा, खालची जमीन कुणाची तरी, आणि मधे कधी कुंपण उभं राहील सांगता येत नाही. त्यामुळे मोबाइलवर नकाशा बघून "चला, इथून आत शिरू" हे बाबांना करू देऊ नकोस. रुळलेल्या वाटेवरच चालायचं.

ती वाट म्हणजे येऊर. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ही ठाण्याकडची बाजू. लोक चूक करतात ती अशी, की पायथ्याच्या उपवनला उतरतात आणि घाट चढायला लागतात. वर पोचेपर्यंत दम संपतो, आणि पाहण्यासारखं सगळं तर वरच आहे. टीएमटीची बस वर जाते. आदल्या दिवशी वेळा विचारून घ्या, नाहीतर सरळ रिक्षा करा आणि परतीचंही तेव्हाच ठरवून ठेवा, वर रिक्षा मिळेलच असं नाही. वर पाड्यांच्या मधला रस्ता बराचसा सपाट आहे. वारल्यांची घरं, भाताची खाचरं, कोंबड्या. पाटोणपाड्याच्या बाजूला चालत राहायचं, कंटाळा आला की मागे फिरायचं. म्हाताऱ्या माणसांना वाट किती लांब हा प्रश्न नसतोच. मधूनच परत फिरता येतं का आणि टेकायला जागा आहे का, एवढंच बघायचं. उतरतानाही गाडीनेच उतरा. दुखऱ्या गुडघ्याला चढापेक्षा उतार वाईट.

आता थंडी आहे, सगळ्यात उत्तम दिवस. थोड्याच दिवसांत पांगारा आणि काटेसावर फुलेल, पाठोपाठ पळस. झाडावर पान नाही आणि नुसता लाल रंग. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं गळतात, ती वेचायला पाड्यातली माणसं टोपल्या घेऊन येतात. मे महिन्यात करवंदं, जांभळं. पहिला पाऊस पडला की बायका शेवळं ही रानभाजी विकायला बसतात. तुझ्या आईला सांग, शेवळांबरोबर काकडं (आंबट रानफळं) मागून घ्यायची, नाहीतर घसा खाजेल. (आईला हे माझ्या आधीपासून माहीत असणार. तरी सांगितलं.) जोराच्या पावसात मात्र नको, शेवाळावरून पाय सरकतो.

दोन पथ्यं. बिबट्याचा वावर आहे, म्हणून नीट उजाडल्यावर जायचं आणि सकाळीच परतायचं. आणि शनिवार-रविवार टाळायचे. बिबट्यापेक्षा मला पार्टीला निघालेल्या गाड्यांची जास्त भीती वाटते.

रविवारी घोडबंदर रोडवर ओवळ्याला ओवळेकर वाडीचं फुलपाखरू उद्यान बघा. छोटं आहे, चढउतार नाही. खरी मजा पावसानंतरच्या दोन महिन्यांत. तिथे मोठं काळं-निळं राणीपाकोळी दिसतं. 2015 पासून ते आपल्या राज्याचं फुलपाखरू आहे.

नाना

प्रेषक: शुभामावशी, नेरूळ

नानांचं येऊरवरचं प्रेम आम्हाला लेस्टरला असल्यापासून माहीत आहे. पण ज्यांचा गुडघा दुखतो त्यांना डोंगर कशाला? नवी मुंबईला या. ठाण्याहून नेरूळला थेट लोकल आहे.

ठाणे खाडीत थंडीपासून मेपर्यंत रोहित पक्षी असतात, फ्लेमिंगो गं. 2015 मध्ये खाडीचा तो भाग अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. पण नुसतं जाऊन काही दिसत नाही, भरती बघून जावं लागतं. ओहोटीला पक्षी लांब चिखलात चरत असतात, डोळे ताणले तरी गुलाबी ठिपके. भरतीचं पाणी चढलं की चिखल बुडतो आणि ते खाडीकाठच्या पाणथळीत येऊन उभे राहतात. आमच्याकडे डीपीएस शाळेजवळच्या तळ्यात तेव्हा बांधावरूनच दिसतात. तळ्यात पाणी असलं तर, हं. खाडीचं पाणी आत यायची वाट बुजली की ते सुकतं, मग पक्षी येतील कशाला?

तुझ्या बाबांना ॲप शिकवत बसू नकोस, त्यांना पंचांग पुरे. कोकणातली जुनी रीत आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. पाऊण-एक तास पुढेमागे धरायचा. म्हणजे सकाळी कोवळ्या उन्हात बघायचं तर दशमी ते त्रयोदशी, कुठलाही पक्ष चालेल. आणि पौर्णिमा-अमावास्या जवळ आली की उधाणाचं पाणी जास्त चढतं, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीला, तेवढं नाही.

चालायला ज्वेल ऑफ नवी मुंबई या नेरूळच्या उद्यानाचा तळ्याकाठचा रस्ता आहे, बाकं आहेत. ऐरोलीला वनखात्याच्या केंद्रातून बोटही जाते, भरतीच्या वेळेनुसार. बोटीत चढता-उतरताना आईंना हात द्यायला कुणीतरी हवं.

मावशी

प्रेषक: वैशाली, कॉव्हेंट्री

मी फिजिओथेरपिस्ट, म्हणून दोनच गोष्टी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. तुझ्या आईचा उजवा गुडघा, तर काठी डाव्या हातात. उलटं धरणारे खूप दिसतात. हात सरळ सोडून उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेपाशी यायला हवी.

बाबा इन्सुलिन किंवा साखर पटकन उतरवणारी गोळी घेत असतील तर उपाशीपोटी निघायचं नाही, खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवायची. सँडल नको, बंद बूट. घरी आल्यावर तळपाय बघायचे. बधिर पायाला फोड आलेला कळतच नाही.

प्रेषक: अनघा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. बाबांनी त्रयोदशीवर खूण केली आहे आणि आईने शेवळांच्या नावावर जूनपर्यंत थांबणार नाही असं सांगितलंय. बाबा विचारतात, कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य जमेल का?

प्रेषक: नाना, ठाणे

जमेल, पण किल्ल्याचं नाव काढायचं नाही. तो अंगठ्यासारखा सुळका खालूनच बघायचा. पनवेलहून पेणकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, गेटजवळच्या झाडीत स्वर्गीय नर्तक पक्षी दिसला तर नशीब. खाण्याची पिशवी उघडी ठेवू नका, माकडं तयारीत असतात. आधी येऊर आणि नेरूळ होऊ दे, मग मी गाडी काढतो.

प्रेषक: शुभामावशी, नेरूळ

अनघा, त्रयोदशीला दोघांना सकाळी साडेआठपर्यंत नेरूळ स्टेशनला पोचायला सांग, मी रिक्षा घेऊन उभी असेन. नाश्ता करूनच निघा, वैशालीने सांगितलंय तसं. नाना, तुम्हीही या. येऊरचं कौतुक मात्र लोकलमध्येच संपवून या.