मदत हवी आहे: कोरल उघडता उघडताच बंद पडतंय, पत्रिका अडकलीय

नमस्कार मंडळी. सोलापुरातून लिहितेय. पूर्व भागात घरीच डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं, काम करते, एकोणीस वर्षं झाली. लग्नपत्रिका, बिलबुकं, यंत्रमागवाल्यांची चलनं, गड्डा यात्रेच्या दिवसांत स्टॉलवाल्यांची हँडबिलं, असलं सगळं. आजवर कॉम्प्युटरचं दुखणं मीच बघत आले, पण यावेळी अक्कल चालेना.

परवापासून कोरलड्रॉ एक्स ७, ज्यात मी पत्रिका डिझाइन करते ते सॉफ्टवेअर, उघडत नाहीये. डबल क्लिक केलं की सुरुवातीची रंगीत चौकट येते, पाच-सहा सेकंद थांबते आणि गायब. एरर नाही, मेसेज नाही, काही नाही. टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर तिथूनही नाव गेलेलं. विंडोज १० आहे, रॅम आठ जीबी.

आतापर्यंत केलेलं: तीनदा रिस्टार्ट. अँटिव्हायरस बंद करून बघितला. काल दुपारी कोरल पूर्ण काढून परत टाकलं, दीड तास गेला, फरक शून्य. बाकी सगळं नीट चालतंय, पानं जुळवायचं जुनं पेजमेकरसुद्धा उघडतंय, तो तर माझ्या धंद्याहून म्हातारा.

पत्रिका मराठी-तेलुगू आहे, चारशे प्रती. येत्या परवा संध्याकाळी छपाईच्या प्लेटला द्यायची आहे. पार्टी रोज दोनदा दारात येते. कुणी "फॉरमॅट मारा" म्हणू नका, हात जोडते. बदललं म्हणाल तर मी काहीच बदललेलं नाही.

रंगाचा डबा:
ताई, एफ ८ करून बघितलं का? कोरलच्या आयकॉनवर डबल क्लिक करा आणि लगेच एफ ८ दाबून धरा. वर्कस्पेस मूळ सेटिंगवर न्यायची का असं विचारेल, येस म्हणा. तुम्ही बसवलेले शॉर्टकट आणि टूलबार मात्र जातील. काढून परत टाकल्याने काही होत नाही, कारण तुमच्या सेटिंग्ज तुमच्या युजरच्या फोल्डरमध्ये असतात, अनइन्स्टॉल सहसा त्यांना हात लावत नाही.

धागाकर्ती:
केलं. प्रश्न आला, येस केलं, चौकट आली आणि पुन्हा गेली. शॉर्टकट गेले ते गेलेच. एकोणीस वर्षांची बोटांची सवय आहे हो ती.

कटिंग मशीन:
डिफॉल्ट प्रिंटर कोणता आहे? माझ्याकडे नेटवर्कवरचा प्रिंटर बंद असला की कोरल उघडताना असंच अडकायचं, ते सुरू होताना प्रिंटरकडे विचारणा करतं. मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ डिफॉल्ट करून बघा.

धागाकर्ती:
आमचा प्रिंटर खाली मिस्टरांच्या मशीनजवळ आहे, दिवसातून दहादा बंद असतो, म्हणून मला वाटलं हेच असणार. बदललं. नाही उघडलं.

नगरचा:
फॉरमॅट मारा 😀

खिळ्यांच्या काळातला:
वरच्या भल्या माणसाकडे लक्ष देऊ नका.

ताई, अंदाजाने एकेक उपाय करत बसू नका, आधी दुखणं कुठे आहे ते ठरवू. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधा, विंडोज लॉग्ज, मग अ‍ॅप्लिकेशन. कोरल बंद पडलं त्या वेळेची लाल खूण असेल. तिच्यात 'फॉल्टिंग मॉड्यूल'समोर, म्हणजे प्रोग्राम ज्या भागात पडला त्याच्यासमोर, काय नाव आहे ते लिहा.

आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. विंडोजमध्ये एक नवा युजर बनवा, अ‍ॅडमिनचे अधिकार देऊन. तुमच्या खात्यातून पूर्ण साइन आउट व्हा, नव्या खात्यात जा आणि कोरल उघडा. तिथे उघडलं तर सॉफ्टवेअर धडधाकट आहे, गडबड तुमच्या खात्यात आहे. तिथेही नाही उघडलं, तर मग पुढचं पुढे बघू.

धागाकर्ती:
लाल खुणा ढिगाने आहेत काका. फॉल्टिंग मॉड्यूल एनटीडीएलएल. कोड 'सी'ने सुरू होऊन मधे शून्यं आणि शेवटी ५.

आणि नव्या युजरमध्ये उघडलं हो!! पत्रिकेची फाइलसुद्धा उघडली. पण तेलुगू ओळींच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा आलाय, कंस आणि टक्के आणि काय काय. मराठी बरोबर दिसतंय. फाइल खराब झाली का?

खिळ्यांच्या काळातला:
फाइल ठणठणीत आहे, आणि चोराने पाऊलखूण ठेवलीय.

एनटीडीएलएल तुम्हाला घाबरवायला आहे, तो विंडोजचा मूळ भाग. कुणाच्याही चुकीचं बिल त्याच्या नावावर फाटतं. तो कोड इतकंच सांगतो की जिथे हात घालायचा नव्हता त्या मेमरीत प्रोग्रामने हात घातला.

आता तेलुगू ओळी. आपले हे जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा कोड देणाऱ्या पद्धतीचे, नाहीत. आत 'के', 'एल' अशी इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांच्या जागी तेलुगू किंवा मराठी वळण काढून दाखवतो. फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो आणि खालचा कचरा दिसतो. म्हणजे नव्या खात्यात तुमचे मराठी फॉन्ट आहेत, तेलुगू नाहीत. असं का व्हावं? विंडोज १० मध्ये २०१८ च्या शेवटाकडच्या अपडेटनंतर फॉन्टवर राइट क्लिक करून नुसतं 'इन्स्टॉल' म्हटलं, तर तो फक्त त्या युजरपुरता बसतो. सगळ्यांसाठी हवा असेल तर 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' म्हणावं लागतं.

तुमचे तेलुगू फॉन्ट फक्त तुमच्या खात्यात, आणि कोरलही फक्त तुमच्याच खात्यात मरतंय. सुरू होताना ते फॉन्टची यादी वाचतं, त्यात एखादा फुटका असला की तोल जातो.

आता आठवून सांगा, शेवटचे फॉन्ट कधी टाकले? "काहीच बदललं नाही" असं प्रत्येक जण म्हणतो, मीही म्हणतो.

धागाकर्ती:
अगं बाई.

परवा संध्याकाळी त्या पार्टीचा मुलगा पेनड्राइव्ह घेऊन आला. घरच्या आधीच्या लग्नाची पत्रिका ज्या फॉन्टमध्ये होती तोच पाहिजे म्हणाला. सगळे निवडले, इन्स्टॉल केले, आणि हिरवी पट्टी सरकत असतानाच लाइट गेली. आमच्याकडे मे महिन्यात हे रोजचंच. यूपीएसची बॅटरी मार्चमध्येच मेलीय, आज घेऊ उद्या घेऊ चाललंय. लाइट आली, फॉन्ट यादीत दिसले, मी समजले झालं. ते "बदललं" यात धरलंच नव्हतं मी.

पण ते फॉन्ट वेगळे कसे काढू? माझ्याकडे २८६ फॉन्ट आहेत. तारखेप्रमाणे लावले तर सगळे २००३, २००६ असलेच दाखवतंय.

खिळ्यांच्या काळातला:
ती 'डेट मॉडिफाइड' आहे, फॉन्ट बनवणाऱ्याची तारीख. कॉपी केली तरी ती तीच राहते. तुम्हाला 'डेट क्रिएटेड' हवी.

असं करा. तुमच्या खात्यातून 'साइन आउट', नुसतं 'स्विच युजर' नको, नाहीतर फायली वापरात राहतात आणि हलत नाहीत. नव्या खात्यातून सी ड्राइव्ह, युजर्स, तुमच्या नावाचं फोल्डर, मग अ‍ॅपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स. अ‍ॅपडेटा लपलेलं असतं, वर व्ह्यूमध्ये जाऊन 'हिडन आयटम्स'वर खूण करा. परवानगी मागेल, द्या. आत गेल्यावर रकान्यांच्या पट्टीवर राइट क्लिक करून 'डेट क्रिएटेड' आणा, त्यावर लावा. परवाच्या संध्याकाळचे सगळे एका दिशेला येतील.

ते उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा. पुसू नका, फक्त हलवा. मग तुमच्या खात्यात येऊन कोरल उघडा.

धागाकर्ती:
उघडलं!!!

परवाचे १४ होते. चौदाही बाहेर काढले आणि कोरल झटक्यात उघडलं. मग म्हटलं आता शोधूनच काढते. सात परत ठेवले, उघडलं. उरलेल्या सातातले चार ठेवले, मेलं. त्यातले दोन काढले, तरी मेलं. उरलेल्या दोनातला एक काढला आणि सापडलं. प्रत्येक वेळी साइन आउट, साइन इन. जिन्यावरून चढउतार केल्यासारखं वाटलं.

फाइलचा आकार बघून कळलंच नसतं. ९२ केबी, शेजारच्या फॉन्टएवढाच. डबल क्लिक केल्यावर विंडोज म्हणालं, हा फॉन्टच नाही.

खिळ्यांच्या काळातला:
लिहिता लिहिता वीज गेली की असं होतं. फाइलची जागा राखून ठेवलेली असते म्हणून आकार बरोबर दिसतो, आत नुसती शून्यं. बाहेरून नारळ, आत पाणी नाही.

आता उरलेले तेराही काढा, पेनड्राइव्ह परत मागा आणि चौदाच्या चौदा नव्याने टाका, यावेळी 'ऑल युजर्स'साठी. टाकण्याआधी प्रत्येकाला डबल क्लिक करून अक्षरं दिसतात का बघा. त्यानंतरही जुन्या फॉन्टचं भूत दिसलं तर सर्व्हिसेसमध्ये विंडोज फॉन्ट कॅशे सर्व्हिस थांबवा, तिच्या साठवलेल्या कॅशे फायली पुसा आणि मशीन रिस्टार्ट करा.

रंगाचा डबा:
आणि छापायला देताना तेलुगू मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून, द्या, मूळ फाइल वेगळी ठेवून. प्लेटवाल्याकडे तो फॉन्ट असेलच असं नाही, तिथे कंस आणि टक्के छापून आले तर चारशे पत्रिका घरात.

धागाकर्ती:
कर्व्ह करूनच देते दादा, एकदा बिलबुकाच्या वेळी हात पोळलाय.

काका, तुमचे उपकार. फॉन्ट बसले, तेलुगू नीट दिसतंय, शेजारच्या मावशींकडून वाचून घेतलं कारण मला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. शॉर्टकट परत बसवतेय, अजून बोटं चुकतात. मिस्टर आत्ताच यूपीएसची बॅटरी आणायला गेले.

प्रूफ घेऊन पार्टीचा मुलगा गेला होता, दहा मिनिटांत परत आला. मराठी बाजूला थोरल्या आत्याचं नाव राहिलंय म्हणे.