मदत हवी आहे : बर्फावरच्या 'आगगाडी'च्या चाकाचा जवळून फोटो

मंडळी, कॅनडात किंवा अलास्कात कुणी आहे का?

लेटूर्नो कंपनीने १९५०च्या दशकात रूळ नसलेल्या, बर्फावरून रबरी चाकांवर धावणाऱ्या अवाढव्य गाड्या बनवल्या. डिझेल इंजिन पुढच्या डब्यात वीज तयार करतं आणि प्रत्येक चाकात स्वतंत्र मोटर, म्हणजे मागचा डबा नुसता ओढला जात नाही, तोही ढकलतो! त्यातली 'स्नो-फ्रेटर' १९५५ साली आर्क्टिकमधल्या रडार केंद्रांचं सामान न्यायला आली. आता ती अलास्कातल्या फेअरबँक्सजवळ फॉक्स या गावी गंजत उभी आहे. अमेरिकी लष्कराची अशीच दुसरी गाडी, 'एलसीसी-१', फेअरबँक्सच्या भंगारवाल्याकडे पडून होती, ती कॅनडातल्या व्हाइटहॉर्सच्या वाहतूक संग्रहालयाने नेली. भंगारवाल्याने कापली नाही, हे नशीबच.

मी पुठ्ठ्याचं मॉडेल करतोय. टायर जमले (सायकलच्या जुन्या ट्यूबचे), पण मोटर बसते तो चाकाचा मधला भाग कळत नाही. नेटवरचे सगळे फोटो लांबून.

व्हाइटहॉर्सला कुणी जाणार असेल तर चाकाचा समोरून आणि आतल्या बाजूने फोटो काढाल का? शेजारी माणूस उभा करा, माप कळेल. आणि फॉक्सच्या गाडीजवळ जाता येतं, की रस्त्यावरूनच बघायची?