शब्दचर्चा: ‘पेन रजिस्टर’ला मराठीत काय म्हणावं?

अमळनेरहून प्रश्न: अमेरिकेच्या १९७८ च्या परकीय गुप्तवार्ता पाळत कायद्यावरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. त्यातल्या ‘पेन रजिस्टर’ आणि ‘ट्रॅप अँड ट्रेस’ या जोडीला ‘फोन टॅपिंग’ चालेल का? आपल्याकडे सरसकट तोच शब्द. अहिराणीत तर ‘कोन आयकी ऱ्हायना?’ म्हटलं की झालं.

जळगाव: नाही चालणार, ताई. ‘आयकी ऱ्हायना’ हे टॅपिंगला लागू आहे, इथे ऐकायलाच मनाई आहे. या फोनवरून कोणते नंबर लावले ते पेन रजिस्टर टिपतं. कोणत्या नंबरांवरून फोन आले ते ट्रॅप अँड ट्रेस. म्हणून ‘जावक क्रमांक-नोंद’ आणि ‘आवक क्रमांक-नोंद’ लिहा. आवक-जावक हे शब्द तलाठ्यापासून बाजार समितीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहेत.

शब्द वेगळा हवा, कारण नियम वेगळे आहेत. बोलणं ऐकायचं तर ज्याच्यावर पाळत ठेवायची तो परकीय सत्ता किंवा तिचा हस्तक आहे, असं मानायला सबळ कारण न्यायालयाला दाखवावं लागतं. क्रमांक-नोंदीला तेवढं लागत नाही; माहिती तपासाशी संबंधित आहे असं अर्जात प्रमाणित करतात. लावलेला नंबर कंपनीला कळतोच, त्यात खासगीपणाची अपेक्षा धरता येत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये म्हटलं होतं. क्रमांक-नोंदीचा आदेश ९० दिवसांचा. माहिती अमेरिकी व्यक्तीबद्दलची नसेल तर वर्षभराचाही. तातडीत महान्यायवादी आधी परवानगी देऊ शकतो, पण ७ दिवसांत न्यायालयात अर्ज गेलाच पाहिजे. २०१५ पासून सरसकट सगळ्यांच्या नोंदी मागता येत नाहीत; ठरावीक व्यक्ती, खातं किंवा उपकरण सांगावं लागतं.

धुळे: एक खाचखळगा आहे. बँकेच्या ग्राहकसेवेला फोन लागला आणि मग खातेक्रमांक दाबला, तर ते अंक ‘लावलेला नंबर’ नसतात, तो संवादाचा मजकूर होतो. यंत्रणा मात्र दोन्ही अंक सारखेच टिपते. त्यावरून तिथे बराच कायदेशीर वाद झाला. त्यांना ‘जोडणीनंतरचे अंक’ असा स्वतंत्र शब्द ठेवा.

अमळनेर: मग सरळ ‘सीडीआर’ का नको? तो तर गावागावात माहीत आहे.

भुसावळ: सीडीआर म्हणजे होऊन गेलेल्या कॉलांची कंपनीकडची साठवलेली नोंद. पेन रजिस्टर आदेशानंतर पुढे, चालू कॉलांवर लागतं. काळच उलटा आहे. आपल्याकडे सीडीआर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली मागवतात. बोलणं ऐकण्याचा मार्ग निराळा: २०२३ च्या दूरसंचार कायद्याचं कलम २०(२) आणि २०२४ चे नियम. केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाचा आदेश, एका वेळी ६० दिवस, वाढवून जास्तीत जास्त १८०. ‘परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध’ हे कारण आपल्या या कलमात शब्दशः आहे.

सीडीआरमधला टॉवर वाचतानाही जपून. नवापूरसारख्या हद्दीवरच्या गावात फोन महाराष्ट्रात असून टॉवर गुजरातचा येऊ शकतो. टॉवर म्हणजे माणसाचा पत्ता नव्हे.

जळगाव: आणि ‘नोंदयंत्र’ लिहू नका. जुन्या काळी खरंच पेनाने कागदी पट्टीवर खुणा उमटत, पण २००१ पासून तिथल्या व्याख्येत यंत्राबरोबर ‘प्रक्रिया’ही आली, आता ते काम सॉफ्टवेअर करतं. नुसतं ‘नोंद’ पुरेसं आहे.