मदत हवी आहे: समोरच्याने फोन ठेवला तरी ईपीएबीएक्सची ट्रंक सुटत नाही

नमस्कार मंडळी,

मिरजेतल्या आमच्या छोट्या रुग्णालयात ईपीएबीएक्सवर (आतले फोन बाहेरच्या लाइनशी जोडणाऱ्या मशीनवर) चार अ‍ॅनालॉग ट्रंक, म्हणजे बाहेरून येणाऱ्या साध्या फोन लाइन, आहेत. चारही एकाच हंटिंगमध्ये, पहिली बिझी असली की कॉल पुढच्या लाइनवर येतो. कॉल आधी रेकॉर्डेड आवाज उचलतो. पुष्कळ नातेवाईक तो पूर्ण न ऐकताच फोन ठेवतात, पण आमची ट्रंक लागलेलीच राहते. दुपारपर्यंत चारही अडकतात आणि बाहेरच्याला नुसतं एंगेज ऐकू येतं. रिसेप्शनवरच्या ताई वायर काढून परत लावतात, तेव्हा लाइन मोकळी होते. रात्री अपघाताचा फोन आला आणि लागलाच नाही तर? जीव टांगणीला लागलाय.

तांब्याच्या वायरवर हे होत नव्हतं. आता लाइन फायबरच्या मोडेममधून येतात. लाइनवाले म्हणतात मशीन बघा, मशीनवाले म्हणतात लाइन बघा. विक्रेता म्हणतो पीआरआय (एकाच जोडणीवर अनेक कॉल नेणारी डिजिटल लाइन) घ्या. त्यातले ३० चॅनेल आम्हाला कशाला? सेटिंगमध्ये नेमकं काय तपासू?

प्रतिसाद १

पीआरआय तूर्त राहू द्या. अ‍ॅनालॉग लाइनवर समोरच्याने ठेवल्याचं मशीनला बहुधा बिझी टोनवरून किंवा पोलॅरिटी (लाइनच्या दोन तारांची अधिक-उणे बाजू) उलटण्यावरून कळतं. आपल्याकडचा बिझी टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. फायबरवर हा टोन मोडेम स्वतः तयार करतो. त्यात दुसऱ्या देशाच्या टोनचं प्रोफाइल (सेटिंग) असेल तर मशीन तो ओळखतच नाही. माझा पहिला संशय तिथेच.

एक ट्रंक काढून साधा फोन लावा, मोबाइलवरून कॉल करून उचला, मग मोबाइल बंद करा आणि ऐका. टोन वेगळा असेल तर मोडेमचं प्रोफाइल बदलून घ्या, नाहीतर मशीनमध्ये तो टोन भरा. काहीच वाजत नसेल तर लाइनवाल्यांकडे पोलॅरिटी रिव्हर्सल लेखी मागा, आणि मशीनमध्ये प्रत्येक ट्रंकवर ते ओळखण्याची सेटिंग चालूही करा. हे दुसरं हमखास राहतं.

आजच्या आज एवढं करा: कुणी बटण दाबलं नाही तर कॉल अपघात विभागात वाजू दे, तिथे मिनिटभर उचलला नाही तर तुटू दे. आणि मोडेम यूपीएसवर आहे ना? वीज गेली की तो बंद पडतो, मग चारही लाइन जातात.

धागाकर्ता

मोडेम यूपीएसवर नाही! इलेक्ट्रिशियनला आत्ताच बोलावतो. टोन रात्री ऐकून इथेच कळवतो.