बेळगावचा राजहंसगड: आईला घेऊन जायचंय, गाडी कुठवर जाते?

अनगोळचा, सध्या पुण्यात:
गेल्या रविवारी आईला घेऊन निघालो होतो. एकानं सांगितलं, सुळग्यावरून जा. मोबाईलवर सुळगा टाकलं आणि हिंडलगा ओलांडून वेंगुर्ला रोडला लागलो. आई मागून म्हणते, "गड तिकडं राहिला की रे!" परत आलो. तिचे गुडघे दुखतात, पायऱ्या फार आहेत का?

शिवारकर येळ्ळूर:
हसू आलं, राग मानू नका ओ. सुळगे दोन हायत. तुम्ही गेलात ते हिंडलग्याचं, दुसरं येळ्ळूरचं. पेपरात "(हिं.)" आणि "(ये.)" छापतात ते उगीच नव्हे. सुळग्याचं नावच काढू नका. वडगावातून येळ्ळूर रोड धरा, शहरापासून 15-16 किमी. येळ्ळूर ओलांडलं की गड समोरच. रस्ता डांबरी, तटापर्यंत गाडी जाते. घाट लहान, खरं चढ उभा आहे, पहिल्या गिअरवर सोडा.

आमचे म्हातारे अजून येळ्ळूरगडच म्हणतात. आत सिद्धेश्वराचं देऊळ, विहीर, आणि शिवाजी महाराजांचा पुतळा. मार्च 2023 मध्ये त्याचं अनावरण एकाच आठवड्यात दोनदा झालं, दोन पक्षांचं. महाराज काही बोलले नाहीत.

मी मात्र तटावर जातो ते खाली बघायला. एका अंगाला देसूर, नंदिहळ्ळी. दुसरीकडं आमचं शिवार, वडगाव-शहापूरपर्यंत. दिवाळीच्या आधी या. बासमती भात पोटरीतून बाहेर पडलेलं, लोंब्या आलेलं असतं, बांधाबांधानं हिरव्याच्या चार-पाच छटा. त्यातून हलगा-मच्छे बायपासची रेघ गेलीय, ती पण दिसेल. बल्लारी नाला फुगला की माझा खालचा तुकडा आठवडाभर पाण्यात. यंदा रोप दोनदा लावलं. वरनं बघितलं तर तो हातरुमालाएवढा दिसतो, आणि त्याच्यासाठी एवढा जीव काढायचा!

नंदिहळ्ळीची लेक:
काकूंना देवळाच्या कट्ट्यावर बसवा, तट तुम्ही फिरून या. चारनंतर जावा. वारं जोरात असतं, कानाला बांधायला काहीतरी घ्या. आणि पाणी घरातनंच न्या.

अनगोळचा, सध्या पुण्यात:
आभारी आहे. आई विचारतेय, वरनं अनगोळ दिसतं का?

शिवारकर येळ्ळूर:
दिसतं की. खरं अनगोळ कुठं संपतं आणि वडगाव कुठं लागतं, ते आता काकूंनीच ओळखून सांगावं.