स्वतःचे एरर नंबर सर्व्हरमध्ये नोंदवावेत की नाही?

लॉगवाचक: माझं मत सरळ आहे. एसक्यूएल सर्व्हरवर (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सर्व्हरवर) चालणाऱ्या महत्त्वाच्या कामांसाठी एसपी_ॲडमेसेज (एररचे संदेश सर्व्हरमध्ये नोंदवणारी आज्ञा) वापरून स्वतःचे संदेश नोंदवा (क्रमांक 50001 पासून पुढे) आणि त्या क्रमांकावर एजंटचा (ठरलेली कामं म्हणजे जॉब चालवणाऱ्या सोबतच्या सेवेचा) अलर्ट लावा. हल्ली जो तो प्रोसीजरमध्ये (सर्व्हरवर साठवलेल्या कोडमध्ये) थ्रो ही एरर उठवणारी आज्ञा लिहून मोकळा होतो. थ्रोची तीव्रता (गंभीरतेचा आकडा) कायम 16 आणि त्याला विथ लॉगची (एरर लॉगमध्ये नोंदवण्याची) सोय नाही. एजंटचा अलर्ट विंडोजच्या ॲप्लिकेशन लॉगवर नजर ठेवून असतो. तिथे नोंदच गेली नाही तर तो वाजणार कसा?

कोडआधी: असहमत. हे संदेश मास्टर या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहतात. तुमच्या डेटाबेसचा बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर रिस्टोअर करा, संदेश मागेच राहतात. मग रेझएररला (एरर उठवणाऱ्या जुन्या आज्ञेला) तो क्रमांक सापडत नाही आणि मूळ चूक बाजूला राहून भलताच एरर समोर येतो. ॲव्हेलेबिलिटी ग्रुपमध्ये (एकाच डेटाबेसच्या प्रती अनेक सर्व्हरवर असतात तिथे) तर फेलओव्हर होईपर्यंत, म्हणजे काम दुसऱ्या सर्व्हरवर जाईपर्यंत, याचा पत्ताही लागत नाही. थ्रोला क्रमांक आधी नोंदवावा लागत नाही, संदेश कोडसोबतच फिरतो. आणि विथ लॉगच हवं असेल तर रेझएररमध्ये थेट लिहा की!

लॉगवाचक: थेट लिहायला सिसॲडमिन (सर्व्हरचे सर्व अधिकार असलेली) भूमिका किंवा अल्टर ट्रेसची परवानगी लागते. ॲप्लिकेशनच्या लॉगिनला ती देणार का? मी तरी देणार नाही. संदेश नोंदवतानाच सिसॲडमिनने 'लॉगमध्ये लिही' असं ठरवून ठेवलं की साध्या लॉगिनने रेझएरर केला तरी नोंद होते. माझा सगळा आग्रह या एका गोष्टीसाठी आहे. स्थलांतराचं म्हणाल तर संदेशांची स्क्रिप्ट डिप्लॉयमेंटमध्ये ठेवा आणि प्रत्येक रेप्लिकावर (प्रत असलेल्या सर्व्हरवर) चालवा. लॉगिन आणि जॉब्जचं तेच करता ना?

कोडआधी: परवानगीचा मुद्दा मान्य. पण 'ऑर्डर अडकली' हे सर्व्हरने का सांगावं? चुका एका टेबलात लिहा, जॉबने ते टेबल तपासून मेल पाठवा. एक्सप्रेस या मोफत आवृत्तीत एजंटच नसतो, तिथे तुमचा अलर्ट कुठे लावणार?

रात्रपाळी: एक्सप्रेसमध्ये जॉबही एजंटशिवाय चालत नाही, तेव्हा तो बाण तुमच्यावरच उलटला. आणि टेबलाची गंमत अशी की ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं (त्यातले सगळे बदल मागे घेतले गेले) की त्याच्या आत केलेली चुकीबद्दलची नोंदही पुसली जाते. विंडोजच्या लॉगमध्ये गेलेली ओळ मात्र टिकते.

पण लॉगवाचक, तुमच्या पद्धतीतली खरी डोकेदुखी तुम्ही बोललाच नाहीत. लूपमध्ये एरर उठला की मेलचा पाऊस पडतो. अलर्टमध्ये दोन प्रतिसादांमधलं अंतर सेकंदांत देता येतं, ते शून्यावर सोडू नका. तीव्रताही 20 किंवा त्याहून वर ठेवू नका, कनेक्शनच तुटतं.

कोडआधी: रोलबॅकवर उपाय आहे: टेबल व्हेरिएबलमधल्या (कोडपुरत्या तात्पुरत्या टेबलातल्या) ओळी रोलबॅकनंतरही राहतात, तिथून मुख्य टेबलात टाकायच्या. पण हे प्रत्येक प्रोसीजरमध्ये लिहिणारे किती, हे मलाही ठाऊक आहे. तरी संदेशांची संख्या मोजकीच हवी. प्रत्येक व्हॅलिडेशनला वेगळा क्रमांक द्यायला माझा विरोध कायम.

लॉगवाचक: त्यात वादच नाही. ज्यासाठी माणसाला झोपेतून उठवायचं तेवढ्यालाच क्रमांक, बाकीच्यांना खुशाल थ्रो. आणि आपले संदेश लावण्याआधी 823, 824, 825 या सर्व्हरच्या स्वतःच्या एररवर अलर्ट आहेत का ते बघा. डिस्क बिघडत असल्याची खबर तिथून येते.